वरचे पैसे पदरचे

एडिनबरामध्ये घर शोधायला लागलं की पहिल्याच संध्याकाळी लक्षात येतं, की बहुतेक जाहिरातींत किंमत नसतेच. असतो तो किमतीचा तळ. ‘ऑफर्स ओव्हर २,६०,०००’. दोन लाख साठ हजार पौंडांच्या वर काय ते बोला, मग बघू. किती वर, हे कुठेही लिहिलेलं नसतं, आणि विचारलं तर एजंट अत्यंत सौजन्यानं काहीच सांगत नाही.

आम्ही २०२४च्या वसंतात घर घ्यायला निघालो. तोवर लीथ वॉकजवळ भाड्यानं राहत होतो. कायमच्या वास्तव्याचा परवाना नुकताच हातात आला होता. बँक ऑफ इंग्लंडचा दर ५.२५ टक्क्यांवर अडून बसला होता, पण तो उतरायची वाट बघत बसलो तर तोवर किमती चढतील, असं नवऱ्याचं म्हणणं. मला ते फारसं पटत नव्हतं; मग भाडेवाढीचं पत्र आलं आणि माझा मुद्दा आपोआप पडला.

लंडनमध्ये घर घेतलेल्या मैत्रिणीनं आधीच सांगून ठेवलं होतं, “मागतील त्याच्या पाच-दहा टक्के खाली बोल. एजंट तोंड वाकडं करेल, मग कुठेतरी मध्ये जुळेल.” घासाघीस आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही, त्यामुळे सल्ला आवडला. पण तो इंग्लंडपुरता. स्कॉटलंडचा मालमत्तेचा कायदा वेगळा आणि घर विकायची रीतही वेगळी. इथे ‘फिक्स्ड प्राइस’ अशी पाटी असेल तर तेवढे पैसे देणारा पहिला माणूस साधारणपणे घर नेतो. एडिनबरात ती पाटी कमी दिसते. आणि जिथे दिसते तिथे मी आधी छताची अवस्था वाचायला घ्यायचे.

घर घ्यायचं ठरल्यावर माझा पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच होता : या शहरात घरं मागणीपेक्षा, म्हणजे जाहिरातीत मागितलेल्या किमतीपेक्षा, जास्तीला किती वेळा जातात? ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, जवळजवळ नेहमीच. दुसरी म्हणाली, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. दोघांचंही खरं होतं आणि दोघांचाही मला उपयोग नव्हता.

आकडे शोधायला गेले तर ईएसपीसीची पत्रकं हाती लागली. एडिनबरात घरविक्रीचं बरंच काम वकिलांच्या फर्म करतात. घराची जाहिरातही तीच फर्म देते आणि कागदपत्रंही तीच बघते. अशा फर्मांची मिळून ईएसपीसी ही संस्था आहे आणि ती नियमितपणे बाजाराचे आकडे छापते. त्यात ठळकपणे दिलेला आकडा असतो तो ‘होम रिपोर्टमधल्या मूल्यांकनाच्या किती टक्के किंमत मिळाली’ याचा. गेली काही वर्षं तो शंभराच्या जरा वर, १०२च्या आसपास फिरत आला आहे. मला हवा होता मागणीच्या वरचा आकडा, आणि ही माणसं भलत्याच गोष्टीशी तुलना करत होती. का, ते होम रिपोर्ट वाचायला लागल्यावर समजलं.

होम रिपोर्ट ही स्कॉटलंडची खासियत. २००८च्या १ डिसेंबरपासून, घर बाजारात आणण्याआधी विकणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं तो करून घ्यायचा असा कायदा आहे, आणि घर पहिल्यांदा बाजारात येताना तो १२ आठवड्यांहून जुना चालत नाही. त्याचे तीन भाग असतात. पहिला ‘सिंगल सर्व्हे’ : नोंदणीकृत सर्व्हेअर घर तपासून छत, पन्हळी, भिंती, खिडक्या, ओल, नळकाम, सगळ्याला १, २ किंवा ३ असा शेरा देतो. १ म्हणजे तूर्त काही करायला नको, २ म्हणजे पुढेमागे दुरुस्ती लागेल, ३ म्हणजे ताबडतोब बघा. दुसरा भाग घराला वीज आणि उष्णता किती लागते त्याचा, ए ते जी या श्रेणींतला. तिसरा भाग विकणाऱ्यानं स्वतः भरलेली प्रश्नावली : काउन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा, बँड कोणता, भिंत पाडली आहे का, पाडली असेल तर परवानगीचा कागद कुठे आहे, जिन्याची देखभाल कोण करतं. आणि सिंगल सर्व्हेच्या शेवटी ती ओळ असते जिच्यासाठी सगळे आधी तिथेच पान उलटतात : सर्व्हेअरच्या मते आज या घराची बाजारातली किंमत.

तर एकाच घराला तीन किमती. जाहिरातीतली मागणी, होम रिपोर्टमधलं मूल्यांकन आणि शेवटी विकलं गेलं ती किंमत. मागणी बहुतेकदा मूल्यांकनाच्या खाली ठेवलेली असते, माणसं जमावीत म्हणून. दोन लाख पंच्याहत्तर हजार मूल्यांकन असलेलं घर ‘ऑफर्स ओव्हर दोन साठ’ला लावलं आणि ते बरोब्बर मूल्यांकनाला विकलं गेलं, तर कागदावर ते मागणीपेक्षा पंधरा हजारांनी वर गेलं. घेणाऱ्यानं मात्र बाजारभावाच्या वर एक पेनीही दिलेली नाही. म्हणजे ‘किती घरं मागणीच्या वर जातात’ याचं उत्तर बऱ्याच अंशी मागणी ठरवणाऱ्या एजंटच्या हातात असतं. त्यानं तळ आणखी खाली नेला की टक्केवारी आणखी वर. हे ध्यानात आल्यावर मी जाहिरातीतल्या आकड्याकडे बघणंच सोडून दिलं. वहीत प्रत्येक घरापुढे मूल्यांकन लिहायचं आणि मागणी कंसात.

यात गोम अशी की बँकसुद्धा तेच करते.

कर्ज देताना बँक दोन आकडे बघते, तुम्ही कबूल केलेली किंमत आणि मूल्यांकन, आणि त्यातला लहान आकडा धरते. दहा टक्के आपले आणि नव्वद टक्के बँकेचे, हे गणित त्या लहान आकड्यावर. मूल्यांकनाच्या वर जे बोलाल ते सगळं तुमच्या खिशातून, रोख. वरचं घर घ्या : मूल्यांकन २ लाख ७५ हजार. बँक देणार त्याचे नव्वद टक्के, म्हणजे २ लाख ४७ हजार ५००. तुम्ही २ लाख ७५ हजारच दिलेत तर तुमचे साडेसत्तावीस हजार. पण २ लाख ९० हजार बोललात तर तुमचे साडेबेचाळीस हजार. किंमत साडेपाच टक्क्यांनी वाढली, पण पदरचे पैसे निम्म्याहून जास्त वाढले. ‘मूल्यांकनाच्या पाच टक्के वर’ हे वाक्य बोलायला सोपं आहे. ते पाच टक्के बचतीतून जातात तेव्हा त्यांचं वजन वेगळं असतं. आईवडिलांची मदत मिळणारी, किंवा आधीचं घर विकून आलेली माणसं या जागी पुढे निघून जातात. पगार आमच्याएवढाच असलेली जोडपी आमच्यापेक्षा तीस हजार जास्त बोलू शकत होती, ते याच कारणानं.

कर वेगळा. स्कॉटलंडमध्ये २०१५पासून घरखरेदीवर एलबीटीटी नावाचा कर आहे. १ लाख ४५ हजारांपर्यंत शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, पुढे ३ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत १० टक्के. पहिल्यांदाच घर घेत असाल तर शून्याची मर्यादा १ लाख ७५ हजारांवर जाते, म्हणजे जास्तीत जास्त ६०० पौंड वाचतात. ठीक आहे, आले तेवढे आले.

इथे आपल्या लोकांनी कान टवकारावेत असा एक मुद्दा आहे. आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, “तुमच्या दोघांपैकी कोणाच्याही नावावर जगात कुठेही घर आहे का?” मला वाटलं सहज विचारतायत. सहज नव्हतं. स्कॉटलंडमध्ये दुसरं घर घेणाऱ्यावर जादा कर बसतो आणि ‘दुसरं’ ठरवताना जगातलं कुठलंही घर मोजलं जातं, त्याची किंमत किंवा त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंड किंवा जास्त असेल तर. नवराबायको मिळून एकच धरतात. एकाच्या नावावर असलं तरी दोघांना लागू. हा जादा कर तेव्हा ६ टक्के होता, त्याच वर्षी डिसेंबरात ८ झाला, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या टप्प्यांसारखा तुकड्यातुकड्यांनी नाही. पावणेतीन लाखांच्या घरावर ६ टक्के म्हणजे साडेसोळा हजार पौंड. त्या रात्री नवऱ्यानं सासऱ्यांना फोन लावला, “बाबा, फ्लॅटच्या कागदांवर माझं नाव घातलंय का हो तुम्ही?” बाबा दुखावल्यासारखे म्हणाले, “घालणार होतो. तूच नको म्हणालास.” एरवी त्या नको म्हणण्यावरून घरात बरंच काही झालं होतं.

घरं बघणं हा यातला मजेचा भाग. एडिनबरात रविवारी दुपारी दोन ते चार ही जुनी वेळ. फाटक उघडं, कोणीही या. पुष्कळदा मालकच घर दाखवतात. दगडी टेनेमेंट, म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या चार-पाच मजली इमारती, एकच जिना आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. पत्ता लिहायची पद्धतही गमतीची : ‘टू एफ वन’ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं पहिलं घर. उंच छत, भिंतीत बसवलेलं फळ्यांचं कपाट, आणि ‘बॉक्स रूम’ नावाची बिनखिडकीची खोली, जिला कोणी बेडरूम म्हणू शकत नाही पण सगळे तिथे ऑफिस थाटतात. २०२३च्या जूनमध्ये ट्राम न्यूहेवनपर्यंत गेली, तेव्हापासून लीथच्या बाजूच्या प्रत्येक जाहिरातीत ‘ट्रामपासून अमुक मिनिटं’ आलंच. मार्चमाँटला विद्यापीठामुळे गर्दी, मॉर्निंगसाइडला शाळांमुळे. आमच्या ऐपतीत लीथ, ईस्टर रोड, गॉर्गी, डॅल्री एवढंच बसत होतं आणि आमची त्याला काही तक्रार नव्हती.

घरात शिरल्यावर मी लोक मोजायचे. आपण स्वयंपाकघराचा ओटा बघतोय असं दाखवायचं आणि दारातून कितीजण आत येतात ते बघायचं. दुसऱ्यांदा बघायला आलेलं जोडपं ओळखता येतं. ती माणसं भिंती बघत नाहीत, टेप काढून सोफ्याची जागा मोजतात. या गुप्तहेरगिरीतून काही निष्पन्न होतं का, माहीत नाही. पण एजंट न सांगणारी एकच गोष्ट, म्हणजे इतर किती जण किती मनापासून आलेत, त्याचा तेवढाच काय तो सुगावा.

घर आवडलं की वकिलामार्फत ‘नोट ऑफ इंटरेस्ट’ द्यायची. आम्हाला रस आहे, विकण्याआधी आम्हाला कळवा, एवढाच त्याचा अर्थ. पैसे पडत नाहीत आणि कोणी कोणाला बांधील नसतं. मालकाला वाटलं तर तो आलेली एखादी चांगली ऑफर थेट घेऊन मोकळा होऊ शकतो. अशा दोन-चार नोटा जमल्या की मालकाची फर्म ‘क्लोजिंग डेट’ जाहीर करते : अमुक तारखेला, सहसा दुपारी बारा वाजता, सगळ्यांनी आपापली ऑफर द्यायची. ऑफर वकीलच लेखी देतो. एकदाच. दुसऱ्यानं काय दिलं ते कळत नाही, नंतर वाढवायची सोय नाही, आणि सगळ्यात मोठी रक्कम स्वीकारायचं मालकावर बंधनही नाही. ताबा कधी हवा, कर्ज मंजूर आहे का, आधी स्वतःचं घर विकायचंय का, हेही तो बघतो.

आपल्याकडच्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटासारखं हे आहे. आत किती घालावेत हे शेजारच्यानं किती घातलेत यावर ठरायचं असतं, आणि नेमकं तेच विचारता येत नाही. वर एक रुपया लावायची आपली रीतही इथे आहे. सरळ २ लाख ८५ हजार कोणी लिहीत नाही, कारण सरळ आकड्यावर दुसराही कोणी येऊन बसलेला असू शकतो. म्हणून २,८५,५०१, किंवा २,८६,०५१. आमच्या वकीलबाईंनी पहिल्या ऑफरच्या वेळी गंभीरपणे सांगितलं, “शेवटचे दोन आकडे तुम्ही ठरवा, लोक वाढदिवस वगैरे घालतात.” आम्ही ५१ घातले. नवऱ्याच्या मावशी नेहमी ५१च घालतात म्हणून.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे ते मागतायत त्याहून जास्त तुम्ही देताय, आणि तरी घर मिळेल की नाही ते त्यांच्या मर्जीवर?” मी हो म्हटलं. “आणि याला ते काय म्हणतात?” “ऑफर.” “बरं,” आई म्हणाली, आणि बाबांना फोन दिला.

त्या पहिल्या घराचा आकडा कसा ठरवला ते सांगते, कारण सगळी झोप त्यातच गेली. ईस्टर रोडच्या मागचं, दुसऱ्या मजल्यावरचं, दोन बेडरूमचं घर. मागणी २ लाख ६० हजार, मूल्यांकन २ लाख ७५ हजार. विकल्या गेलेल्या घरांच्या किमती इथे सरकारी जमीन नोंदणीत उघड असतात, कोणालाही बघता येतात. मी त्या गल्लीतल्या, शक्यतो त्याच जिन्यातल्या, गेल्या दोन वर्षांतल्या विक्री काढल्या. पण नोंदणीत दिसते ती फक्त शेवटची किंमत. तेव्हा मागणी किती होती, मूल्यांकन किती होतं, हे तिथे नसतं. ते त्या त्या फर्मच्या फायलीत. त्यामुळे ‘या गल्लीत मूल्यांकनाच्या किती वर जातात’ हे आपल्या आपण काढता येत नाही. वकीलबाईंना मात्र ते बरंचसं ठाऊक असतं, कारण त्या स्वतः घरं विकतही असतात. त्या आकडा सुचवत नाहीत. “अशा घराला सध्या मूल्यांकनाच्या तीन-चार टक्के वर जाताना दिसतंय, पण या घराला स्वयंपाकघर नवं आहे,” असं अर्धवट बोलून थांबतात. मग घरी जाऊन त्या ‘पण’चे पैसे आपण करायचे.

आम्ही २ लाख ८६ हजार ५१ बोललो. मूल्यांकनाच्या चार टक्के वर. पदरचे साडेअडतीस हजार, शिवाय कर आणि वकिलाची फी. याहून वर गेलो असतो तर हीटर बंद पडल्यावर दुरुस्तीलाही पैसे उरले नसते. बारा वाजले, एक वाजला, साडेतीनला फोन आला : नाही मिळालं. कितीला गेलं? सांगत नाहीत. आपण कितव्या नंबरवर होतो? कधी सांगतात, कधी नाही. आम्हाला ‘मधल्या गटात’ एवढंच कळलं.

काही महिन्यांनी नोंदणीत किंमत दिसली. ३ लाख २ हजार. मागणीपेक्षा ४२ हजार जास्त, म्हणजे सोळा टक्के वर, असं ऐकायला भीषण वाटतं. मूल्यांकनाच्या हिशेबानं ते दहा टक्क्यांच्या जरा आतच होतं. तरी बँकेचं गणित धरलं तर घेणाऱ्यांनी साडेचोपन्न हजार पौंड रोख आणले होते. आम्ही आकडा चुकलो नव्हतो. त्या घराच्या शर्यतीत आम्ही मुळात नव्हतोच. हे आधी कळलं असतं तर तो आठवडा बरा गेला असता.

त्यानंतर आणखी घरं बघितली, आणखी ऑफरी दिल्या. एका घराच्या वेळी उलटीच भीती होती. क्लोजिंग डेट लागली होती, पण आतून कळत होतं की नोटा दिलेल्यांपैकी बरेच गळालेत. अशा वेळी आपण एकटेच उरलो असू आणि मूल्यांकनाच्या पंधरा हजार वर बोलून बसलो, तर ते पंधरा हजार निव्वळ हवेत गेले. बंद पाकिटात जिंकणाऱ्याला आपण दुसऱ्या नंबरच्या किती वर होतो हे कधीच कळत नाही. एक पौंड की वीस हजार. जे हरतात त्यांना निदान काही महिन्यांनी नोंदणीतून हिशेब लागतो. जिंकणाऱ्याला कधीच नाही. नवरा म्हणाला, न कळलेलंच बरं. ते घर आम्ही मूल्यांकनालाच बोललो आणि तेही गेलं.

जे घर शेवटी मिळालं ते डॅल्रीचं. पहिला मजला, दोन खोल्या, एक बॉक्स रूम. मागणी २ लाख ७५ हजार, मूल्यांकन २ लाख ८० हजार. होम रिपोर्टमध्ये छताला २ आणि पन्हळीला ३. ती ३ बघून पुष्कळ जण मागे फिरले असावेत. मी पन्हळीबद्दल वाचायला बसले. टेनेमेंटच्या कायद्यानुसार, २००४चा आहे तो, छत आणि पन्हळीसारख्या सामाईक गोष्टींचा खर्च सगळ्या बिऱ्हाडांत वाटला जातो आणि देखभालीचा निर्णय बहुमतानं घेता येतो. पहिल्या मजल्यावर राहूनही चौथ्या मजल्यावरच्या छताचे पैसे भरायचे, हे ऐकून वाईट वाटतं खरं. पण पन्हळीचा खर्च आठ घरांत वाटला की तो मूल्यांकनाच्या वर बोललेल्या रकमांपुढे काहीच नसतो. ३ या शेऱ्याला घाबरणाऱ्यांनी आमचं काम सोपं केलं. विकणारे घाईत होते, दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, घर बाजारात येऊन बरेच आठवडे झाले होते. क्लोजिंग डेट लागलीच नाही. वकीलबाईंनी २ लाख ८२ हजार ५०० लिहून दिले, मालकांना हवी ती ताब्याची तारीख मान्य केली, आणि दुसऱ्या दिवशी होकार आला.

हिशेब सांगायचा तर : बँकेचे २ लाख ५२ हजार. आमचे साडेतीस हजार. एलबीटीटी ३,१२५. पहिल्या घराच्या वेळी जेवढे काढायला निघालो होतो त्याहून आठ हजारांनी कमी, आणि खोल्या जवळपास तेवढ्याच.

होकार म्हणजे घर झालं, असं मात्र नाही. जमिनीचा करार लेखीच असावा लागतो, त्यामुळे तोंडी ‘हो’ला कायद्यात किंमत शून्य. दोन्ही वकिलांमध्ये पत्रं जातात-येतात, त्यांना ‘मिसिव्ह्ज’ म्हणतात. अमुक अट मान्य, तमुक अट अशी बदलून मान्य. शेवटचं पत्र गेलं की करार पक्का, त्यानंतर माघार घेणाऱ्याला नुकसानभरपाई भरावी लागते. मधल्या दिवसांत मला धाकधूक होती, की कोणी येऊन दहा हजार जास्त बोललं तर? इंग्लंडमध्ये हे सर्रास होतं. स्कॉटलंडमध्ये त्याला वकिलांच्या संस्थेचा लगाम आहे : एकाची ऑफर स्वीकारल्याचं कळवल्यावर मालकाला दुसऱ्याकडे वळायचं असेल, तर त्याच्या वकिलानं त्याचं काम सोडायला हवं. मालकाला नवा वकील शोधणं आलं. त्यामुळे असं फारसं कोणी करत नाही. आमच्या मिसिव्ह्जना वेळ लागला तो एका जुन्या भिंतीच्या कागदामुळे. कोणीतरी कधीकाळी स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यामधली भिंत पाडली होती आणि पूर्णत्वाचा दाखला सापडत नव्हता. शेवटी तो मालकांच्या पोटमाळ्यावर, नाताळच्या सजावटीच्या खोक्यात निघाला.

पडदे, वॉशिंग मशीन आणि फ्रिज किमतीतच घेतले. घासाघीस म्हणून जी काही केली ती एवढीच.

ईएसपीसीच्या आकड्यांत आमचं घर मूल्यांकनाच्या १०१ टक्क्यांच्या जरा आत बसतं. ‘मागणीच्या वर गेलेली घरं’ अशी कोणी यादी केली तर त्यातही आम्ही येऊ, साडेसात हजारांनी. त्यातले पाच हजार जाहिरात लिहिणाऱ्यानं ठेवलेली फट, अडीच हजार आमचे.

पन्हळ झाली. आता आमच्या वरचं घर विकायला निघालंय, तसंच, दोन खोल्या आणि बॉक्स रूम. मी सवयीनं त्यांचा होम रिपोर्ट उघडला. सर्व्हेअर जवळपासच्या ताज्या विक्री बघून मूल्यांकन करतो, आणि या जिन्यातली सगळ्यात ताजी विक्री आमचीच. मूल्यांकन २ लाख ९० हजार. पन्हळीला १. मागणी, ऑफर्स ओव्हर २ लाख ८० हजार. रविवारी दोन वाजता जिन्यात माणसांची रांग लागली होती. एका जोडप्यानं आमच्या दाराशी थांबून विचारलं, इथे साधारण किती वर जातात हो. नवऱ्यानं त्यांना आत बोलावलं आणि माझी वही दाखवली.